महिन्याचं सामान: एकच दुकान धरावं की तीन ठिकाणी फिरावं?

यादीवाली

नमस्कार मंडळी. विषय अगदी घरगुती आहे, पण आमच्याकडे त्यावरून रोज चर्चासत्र भरतंय, तेव्हा बाहेरच्या चार माणसांचं मत हवंय.

घरात पाच माणसं. सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. थोरला सध्या अशा वयात आहे की जेवून उठल्यावर अर्ध्या तासात डब्यांची झाकणं वाजायला लागतात. यादी गेल्या वर्षीचीच आहे. उलट एकदोन चैनीच्या गोष्टी मी स्वतः त्यातून काढून टाकल्यात, तरी बिल चढतंच आहे. पगाराला काही त्या वेगाने चढायची घाई नाही.

आता घरात तीन पक्ष पडलेत. सासूबाईंचा पक्ष घराजवळच्या किराणा दुकानाचा. दुकानदार ओळखीचा, धान्य किडकं निघालं तर कुरकुर न करता बदलून देतो, महिनाअखेरीला हात आखडला की वहीत मांडून ठेवतो. नवऱ्याचा पक्ष मोठ्या सुपरमार्केटचा. त्याचं एकच पालुपद, "तेल आणि साखरेचा भाव बघ, मग बोल." आणि मुलं अर्थातच अ‍ॅपवाली, कारण त्यात त्यांना पिशव्या उचलाव्या लागत नाहीत.

सगळ्यांचं मन राखायला मी तिन्हीकडून घेऊन पाहिलं. तेल-साखर मोठ्या दुकानातून, धान्य जवळून, साबण-पावडरी अ‍ॅपवरून. पैसे वाचले का ते छातीठोक सांगता येत नाही, सुट्टीचा दिवस मात्र गेला.

तर भाव असे वाढत असताना दुकान ठरवायचं कशावरून? एकच दुकान धरून बसलेले कोणी आहेत का इथे, आणि ते सुखी आहेत का? "कुठेही घ्या, शेवटी सारखंच" असा प्रतिसाद कृपया नको. तो नवऱ्याच्या मित्राने देऊन झालाय.

हिशेबी

ताई, दुकान नंतर. आधी माप.

मी दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर प्रत्येक वस्तूचा भाव १०० ग्रॅमवर नाहीतर १०० मिलिलिटरवर आणतो. बायको चार पावलं पुढे जाऊन अनोळखी असल्यासारखी उभी राहते, पण त्याशिवाय तुलना होतच नाही. तुमचं तेलच घ्या. एकीकडे लिटरची पिशवी, दुसरीकडे किलोचा डबा. लिटरभर खाद्यतेलाचं वजन भरतं साधारण ९१० ग्रॅम. दोन्हींची किंमत सारखी दिसली तर डबेवाला जवळजवळ दहा टक्के माल जास्त देतोय, आणि आपण पिशवी सुटसुटीत म्हणून ती उचलतो.

पाकिटांचं आणखी वेगळं. १०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ९० ग्रॅमचं झालं की माणूस म्हणतो दहा टक्के गेले. हिशेबाने भाव ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. रंग तोच, चित्र तेच, कोण उलटून वजन वाचतो? फ्रान्समध्ये याचा इतका बोभाटा झाला की जुलै २०२४ पासून तिथल्या ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना अशा आटलेल्या मालापाशी दोन महिने तशी पाटी लावावी लागते. बाकी बहुतेक ठिकाणी आपले डोळे हीच पाटी.

ऑफरचंही सांगून टाकतो. "२० टक्के जास्त" या पाकिटात खरी सूट १७ टक्क्यांच्या आत. "दुसऱ्या नगावर निम्मी किंमत" ही दोन्ही मिळून २५. "दोनावर एक मोफत" ही ३३. यातलं शेवटचं सगळ्यात चांगलं, फक्त तिसऱ्या नगाची आपल्याला गरज असली पाहिजे. घरात त्या जातीच्या शाम्पूच्या बाटल्या आधीच उभ्या असतील तर ती सूट दुकानाला, आपल्याला नव्हे.

आणि मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं धरून चालू नका. बहुतेक वेळा असतं. नसतं तेव्हा कोणी ओरडून सांगत नाही.

रॅकमागचा

हिशेबींचं गणित बरोबर आहे, पण तेवढ्याने दुकान कळत नाही. मी काही वर्षं एका मोठ्या दुकानात रॅक भरायचं आणि भावाची लेबलं बदलायचं काम केलंय. नाव विचारू नका, सगळीकडे तऱ्हा तीच.

गिऱ्हाइकाला सगळ्या वस्तूंचे भाव पाठ नसतात. तेल, साखर, दूध, पीठ, असे मोजके पाठ असतात. कुठलं दुकान महाग आणि कुठलं स्वस्त हे लोक त्यांच्यावरूनच ठरवतात, आणि दुकानाला ते पुरतं ठाऊक असतं. मग तेवढ्या वस्तूंचे भाव आजूबाजूच्या दुकानांशी सतत ताडून बघायचे आणि दाबून ठेवायचे. वेळ पडली तर खरेदीच्याही खाली. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे हा. कोहळा कुठे ठेवलेला असतो? टूथब्रश, भांड्यांची घासणी, मसाल्यांची छोटी पाकिटं, बॅटरीचे सेल, कागदी रुमाल. यांचा गेल्या महिन्याचा भाव तुम्हाला कोणी झोपेतून उठवून विचारला तर सांगता येईल का? मला तर लेबल लावून घरी गेल्यावर आठवायचा नाही.

तेव्हा "तेल आणि साखरेचा भाव बघ" हा तुमच्या यजमानांचा मुद्दा दुकानाने खास त्यांच्यासाठीच तयार करून ठेवलाय. रागावू नका म्हणावं त्यांना.

करायचं इतकंच. जुनं बिल घ्या. तेल-साखरेवर रेघ मारा. उरलेल्यातल्या अशा दहाबारा वस्तू निवडा ज्या दर महिन्याला घरात येतात पण ज्यांचा भाव सांगताना तुम्ही अडखळाल. त्यांचे भाव तिन्हीकडे, हिशेबींच्या पद्धतीने १०० ग्रॅमवर आणून, लावून बघा. दुकानाचा स्वभाव तिथे कळतो.

रॅकचं थोडं. डोळ्यांच्या उंचीवरची फळी ही दुकानातली सगळ्यात मोक्याची जागा, आणि तिच्यासाठी कंपन्या पैसे मोजतात. दुकानाचा स्वतःच्या नावाचा माल आणि मोठी, साधी पाकिटं बहुतेक वेळा खालच्या फळीवर असतात, तिथे वाकावं लागतं. रॅकच्या टोकाला ढीग लावलेला असतो ना, तिथे सूट असेलच असं नाही. ढीग बघून आपणच मनात सूट धरतो. आम्ही ढीग लावायचो, भाव तोच, आणि माल आतल्यापेक्षा दुप्पट वेगाने हलायचा.

आता सासूबाईंच्या बाजूने एक. पूर्वी सगळ्या जगात काउंटरवर यादी द्यायची आणि आतला माणूस सामान काढून द्यायचा अशीच पद्धत होती. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस गावी क्लॅरन्स सॉन्डर्स याने पिगली विगली नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन त्याला सरळ आत सोडलं. नोकर कमी लागले, हा झाला दुकानाचा एक फायदा. दुसरा फायदा मी बिलाच्या रांगेत डोळ्यांनी बघायचो: माणूस हातातली यादी घडी करून खिशात टाकतो आणि गाडीत यादीच्या दीडपट सामान असतं. काउंटरवर यादी वाचून दाखवली की खरेदी संपते. काउंटरचा हा आपला फायदा कुठल्याच भावफलकावर लिहिलेला नसतो, म्हणून तो धरायचा राहून जातो.

पायपीट

रॅकमागचा, +१. प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

माझी एकच भर. जाण्यायेण्याचा खर्च बिलाच्या पाठीवर लिहायची सवय लावा. लांबच्या दुकानात चार वस्तूंसाठी गाडी काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. अ‍ॅपचंही तेच. घरपोच फुकट व्हावं म्हणून शेवटी जे काहीतरी टोपलीत टाकतो ना, तेच डिलिव्हरीचं भाडं. फक्त ते बिस्किटांच्या रूपात घरी येतं.

आत्याबाई

अगं यादीवाली, तुझ्या सासूबाईंचा दुकानदार मला आवडला. पण त्या वहीबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

वहीवर मांडून ठेवणं हे बिनव्याजी कर्ज आहे. अडीनडीला ते कुठलं मोठं दुकान देत नाही, आणि ज्या घरात महिन्याच्या शेवटी ओढाताण होते त्या घराला दुसऱ्या कोणी भावाची तुलना शिकवायला जाऊ नये. पण बाई गं, वहीवर नाव असलं की भाव विचारायला जीभ उचलत नाही. "इतकं कसं झालं हो?" हे रोखीने घेणारा फडाफडा विचारतो. उधारीवाला पिशवी उचलतो आणि निघतो. दुकानदार लबाड असतो असं नाही, पण ज्याला कोणी विचारत नाही त्याचा हात सैल पडतोच. तेव्हा वही असू दे, फक्त तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि भाव मांडून घे. नुसता एकूण आकडा नको. आणि मागचं चुकतं केलं त्या दिवशी भाव विचार. त्या दिवशी आवाज मोकळा असतो.

दुसरं, स्वस्त म्हणून पोतं उचलू नका. पिठाला वास लागतो, तेल खवट होतं, धान्याला पोरकिडे धरतात. दहावा हिस्सा टाकून द्यावा लागला तर त्या हिशेबी भाऊंचे ११ टक्के इथेही लागू होतात, खरं ना? तुझा थोरला जे भराभर संपवतो ते मोठं घे. सासूबाई चिमूटभर वापरतात ते लहानच बरं, किलोमागे महाग पडलं तरी. जवळचा दुकानदार पावशेर सुटं देतो ही त्याची खरी किंमत. आणि नवीन सामान डब्यात ओतताना जुनं आधी वर काढ. हे सांगायला नको, पण माझी सून अजून वरूनच ओतते.

हिशेबी

आत्याबाई, लागू होतात. अगदी तंतोतंत.

यादीवाली

सगळ्यांचे आभार. रॅकमागच्यांनी सांगितलं तसं बिलं काढून बसले. सोबत नवरा, तोंड जरा पाडूनच.

भाव पाठ नसलेल्या वस्तूंवर निकाल सरळ लागला नाही, आणि मला वाटतं तेच खरं असावं. मसाल्यांच्या छोट्या पाकिटांत आणि घासणी-ब्रशांत सुपरमार्केट चक्क महाग निघालं. सुटं धान्य जवळच्या दुकानात स्वस्त, शिवाय हवं तेवढंच मिळतं. साबण आणि टूथपेस्ट अ‍ॅपवर खरोखर कमी होतं, पण घरपोचचे पैसे धरले की फरक बारीक झाला. तेलात मात्र नवरा जिंकला. तेवढ्यावर त्याने दिवसभर राज्य केलं.

सगळ्यात डोळे उघडले ते वेगळ्याच ठिकाणी. सुपरमार्केटच्या बिलांवर यादीत नसलेल्या वस्तूंवर पेन्सिलीने खुणा केल्या. तेल-साखरेत वाचवलेले पैसे त्या खुणांनी खाऊन वर ढेकर दिला होता. यातल्या किती खुणा कोणाच्या, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

तर सध्या असं ठरलंय. महिन्याची मुख्य यादी जवळच्या दुकानात, आत्याबाई म्हणाल्या तसं वजन आणि भाव मांडून. जड आणि लवकर न नासणारं, तेलाचे डबे, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, दोनतीन महिन्यांतून एकदा सुपरमार्केटमधून, जेवून गेल्यावर, आणि नवऱ्याला एकट्याला पाठवायचं नाही. अ‍ॅप फक्त आजारपणासाठी. मुलांचा निषेध नोंदवून घेतला आहे.

एक शंका राहिली. कपडे धुवायला पावडर बरी की पातळ साबणाची बाटली, हे १०० ग्रॅमवर कसं आणायचं? एक किलोत, एक लिटरमध्ये. त्यात आता छोट्या बाटलीवर "घट्ट, दुप्पट शक्ती" लिहिलेलं असतं.

रॅकमागचा

तिथे ग्रॅम-लिटर सोडून द्या. किती धुण्यांना पुरतं ते बघा. पुष्कळ बाटल्यांवर आणि पाकिटांवर मागे ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, नसलं तर एका धुण्याला किती घालायचं ते तरी असतंच. किमतीला धुण्यांनी भागा. घट्टवाली बाटली १०० मिलिलिटरवर भयंकर महाग दिसते आणि धुण्यामागे कधीकधी स्वस्त पडते.

पण एक अट. झाकणाच्या आत रेघ असते, तिथपर्यंतच भरायचं. झाकण काठोकाठ भरलंत तर कंपनीचं "दुप्पट" तुमच्या खर्चात जमा. घरात कपडे कोण धुतं, त्याला ही रेघ आधी दाखवा.

यादीवाली

थोरला धुतो. दाखवते.