सुचणं एकट्याचं असतं की दोघांमधलं?

कोरी_पाटी
पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत आठ वर्षं कॉपी लिहितेय. शेजारच्या टेबलावरची आर्टवाली मैत्रीण मार्चमध्ये नोकरी सोडून गेली आणि तेव्हापासून मला खरंच काही सुचत नाहीये, म्हणजे काम होतंय, क्लायंट ओके म्हणतोय, पण सगळं आधी केलेलंच परत केल्यासारखं. तिच्यासमोर मी अर्धवट, वेडगळ काहीही बोलायचे, ती म्हणायची 'थांब, परत म्हण' आणि त्यातनंच काहीतरी निघायचं. मग ते सुचणं माझं होतं तरी का?

शॉपफ्लोअरवाला
मी चाकणला लाइनवर. आमच्याकडे कायझेनचा बोर्ड आहे, म्हणजे कामात छोटी सुधारणा सुचली की चिठ्ठी लिहून तिथे लावायची. जुने सुपरवायझर होते तोवर पोरं चहाला सांगायची, साहेब ट्रॉली इकडनं आली तर वाकावं लागणार नाही, ते लगेच ढकलून बघायचे. नवीन साहेब पहिल्याच मीटिंगला एकाला सगळ्यांसमोर म्हणाले, तुला काय कळतंय. चिठ्ठ्या अजून येतात, द्याव्याच लागतात म्हणून. टोयोटात म्हणे कुठलाही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. दोरी कोणीही बसवेल हो, ओढल्यावर साहेब अंगावर येणार नाही हा भरवसा बसायला वर्षं लागतात.

दोन_ओळी
थोडं वेगळं मत. अरिस्टॉटल उपयोगापुरती मैत्री वेगळी काढतो, गरज संपली की ती संपते. ऑफिसातली बहुतेक तसलीच. तुमची तशी होती का, हे आधी बघा.

जुना_कोल्हापूरकर
ताई, प्रभात फिल्म कंपनीचे दामले-फत्तेलाल बघा. बाबूराव पेंटरांकडे एकत्र घडले, १९२९ ला शांतारामबापू, धायबर, कुलकर्णी यांच्यासोबत कोल्हापुरात कंपनी काढली, १९३३ ला पुण्याला आले. एकाचा हात ध्वनीत, दुसऱ्याचा चित्रकलेत, आणि १९३६ चा 'संत तुकाराम' दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. त्यात कुठली कल्पना कुणाची हे कसं काढणार? आणि १९४२ ला बापू बाहेर पडले, राजकमल काढली, त्यांचंही सुचणं थांबलं नाही. नवी माणसं जोडावी लागतात, वेळ लागतो.

कोरी_पाटी
सगळ्यांचे आभार. दोन_ओळी, तुमचं वाचून रात्री तिला फोन केला, कामाचं काहीच नव्हतं. तासभर बोललो. तिलाही तिकडे काही सुचत नाहीये म्हणाली. रविवारी भेटतोय.