इलेक्ट्रॉन सहजासहजी सुटत नाही
अनेकदा असे म्हटले जाते की, अष्टक (बाह्यतम कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करण्यासाठी सोडियमचा अणू बाह्यतम इलेक्ट्रॉन आनंदाने देऊन टाकतो आणि धनप्रभारित होतो. प्रभाराचा हिशेब बरोबर आहे, कारण केंद्रकात 11 प्रोटॉन तसेच राहतात आणि इलेक्ट्रॉन 10 उरतात. 'आनंदाने' हा शब्द मात्र खटकतो. एकट्या, वायुरूप सोडियम अणूपासून तो इलेक्ट्रॉन अलग करायला मोलमागे (मोल हे अणूंची संख्या मोजण्याचे एकक) सुमारे 496 किलोज्यूल ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते, आणि क्लोरीनने तो स्वीकारताना जेमतेम 349 किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे व्यवहार इथवर तोट्याचाच आहे. तो फायद्यात येतो ते पुढे, विरुद्ध प्रभारांचे आयन (प्रभारित अणू) स्फटिकात एकमेकांलगत बसल्यावर मोलमागे सुमारे 787 किलोज्यूल मुक्त होतात तेव्हा.

दुसरा इलेक्ट्रॉन का जात नाही, याचे उत्तरही ऊर्जेतच आहे: तो आतल्या, केंद्रकाजवळच्या कवचातला असल्याने त्यासाठी सुमारे 4562 किलोज्यूल लागतात, आणि एवढी भरपाई कोणताही स्फटिक करू शकत नाही.

द्रावणात हीच भरपाई आयनांना वेढणारे पाण्याचे रेणू करतात. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी ठेवली की तिच्यावर तांबूस थर चढत जातो आणि निळा रंग फिका पडतो. जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो, आणि ते दोन्ही तांब्याच्या आयनाकडे जातात. शिवाय अष्टकाचे कारण सगळीकडे चालतही नाही: लोहाला हा नियम मुळीच लागू पडत नाही; त्याचे दोन आणि तीन धनप्रभारांचे, असे दोन्ही आयन सर्रास आढळतात.