विषय: पुण्यात जर्मन बायकोसह दोन वर्षं – कोणाला अनुभव?

प्रेषक: सभासद, श्टुटगार्ट

सप्रेम नमस्कार मंडळी,

कंपनीने चाकणच्या प्लांटवर दोन वर्षांसाठी पाठवायचं नक्की केलंय. जूनमध्ये निघू. मी मूळचा नाशिकचा. पुण्यात कॉलेज केलं, पण होस्टेलवर राहून, त्यामुळे तिथे घर चालवायचा अनुभव शून्य. बायको जर्मन. तिचं मराठी ‘पुरे, पुरे’ आणि ‘भूक नाही’ एवढंच, दोन्ही माझ्या आईसमोर उपयोगी पडलेलं. तिचे प्रश्न असे: पोलिसांकडे नोंदणी करावी लागते का, एकटीला फिरता येईल का, आणि रविवारी शांतता असते का. शेवटच्याचं उत्तर मी देऊन टाकलंय. बाकीचं जाणकारांनी सांगावं. घर कोथरूडला बघतोय.

*

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम कोथरूड

अरे, आधी तुझ्या शेवटच्या ओळीचं बोलू. नोकरी चाकणला आणि घर कोथरूडला? नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत रोज जाऊन बघ, मग दोन वर्षांत बायकोपेक्षा ट्रकांचे नंबर जास्त ओळखीचे होतील. पलीकडे पिंपरी-चिंचवडच्या बाजूला बघ.

आता कागद. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली असतील तर तिला ओसीआय, म्हणजे भारतीयांच्या परदेशी जोडीदारालाही मिळणारं सरकारी कार्ड, मिळू शकतं. तिथल्याच भारतीय कॉन्सुलेटमधून काढ, वेळ हाताशी ठेवून. ते हातात असलं की एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणीची भानगड नाही आणि तिला इथे नोकरीही करता येते. साध्या व्हिसावर येणार असाल आणि मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. ती आता ई-एफआरआरओवर ऑनलाइन होते. शिवाय घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवावी लागते, फॉर्म सी म्हणतात तो भरून. हे ऐकल्यावर बरेच मालक ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि परत फोन करत नाहीत. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मुळशीला फार्महाउसचं मनात असेल तर सातबारा तुझ्या नावावर, आणि त्यासाठी मुळात तू शेतकरी असायला हवास.

ते कार्ड मात्र तिच्या पर्समध्ये कायम असू दे. शनिवारवाड्यात भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी माणसाला ३००. ओसीआयवाल्यांना नियमाने भारतीयांचाच दर. आम्ही गेलो तेव्हा खिडकीतल्या माणसाने माझ्या जर्मन बायकोचा चेहरा बघून तीनशे सांगितले. तिने कार्ड पुढे सरकवलं. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, आतल्या माणसाला दाखवलं. रांगेत मागे टोपी घातलेले एक आजोबा होते. ते म्हणाले, “अहो, सरकारनेच दिलंय ना ते? मग वाचा की!” पन्नास रुपयांत दोघं आत. आजोबांनी मग दिल्ली दरवाजापाशी थांबवून तिला बाजीरावापासून ब्रिटिशांपर्यंत सगळा इतिहास इंग्रजीत ऐकवला. मी बाजूला उभा. माझी कोणाला गरजच नव्हती.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. इथे तिला कोणी छळणार नाही. पाहुणचार मात्र संपत नाही, आणि कंटाळा त्याचा येतो. माझी बायको तिकडून मराठीचा क्लास करून आली होती. तुळशीबागेत तिने “हे केवढ्याला?” विचारलं की उत्तर इंग्रजीत, नाहीतर तिच्या डोक्यावरून मला. वॉचमन हिंदीत सुरू. बँकेत खुर्ची, पाणी, चहा, पण बोलणं माझ्याशीच. महिनोन्‌महिने मी दुभाषा होतो आणि घरी रोज भांडणं.

त्यातून सोडवलं कचऱ्याने. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारावर कचरा न्यायला येतात. ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका. जर्मन बाईला हे शिकवावं लागत नाही. तिने दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घड्या घालून दिल्या तेव्हा ताईंनी त्या वर धरून शेजारच्या काकूंना दाखवल्या, “बघा, बघा जरा!” या ताईंना इंग्रजी येत नाही आणि हिंदीत बोलायची त्यांना हौस नाही. चूक झाली की तिथल्या तिथे, “काच अशी नुसती नाही टाकायची, हात कापतो ना माझा.” बायकोचं मराठी सुधारलं ते या दारातल्या बोलण्यावर. आता ती “आज उशीर केलात” असंही सुनावते, आणि ताई तिला वर दोन सुनावतात.

म्हणून, पहिल्या दिवसापासून तू मध्ये पडू नकोस. भाजी तिला आणू दे, गॅसवाल्याशी तिला बोलू दे. महाग पडेल, पडू दे.

*

प्रेषक: प्राधिकरणातल्या काकू

खजिनदार, पत्र चांगलं आहे, पण त्या मुलीला आल्या आल्या गॅसवाल्याच्या तोंडी देऊ नका. सिलिंडर कधी येणार हे मला तीस वर्षं राहून त्याच्याकडून काढता येत नाही. आणि पाहुणचाराला नावं का ठेवता? पहिल्या संक्रांतीला बारा घरची हळदीकुंकवाची बोलावणी येतील, सगळीकडे जाऊ दे. वाणात डबे, वाट्या मिळतात, संसाराला लागतातच.

एकटीने फिरण्याचं: दिवसा खुशाल फिरावं. रस्ता ओलांडताना हात दाखवायचा आणि मध्येच थांबायचं नाही. थांबलं की समोरच्याचा अंदाज चुकतो. सिंहगडावर चारजण सेल्फी मागतील, नको असेल तर सरळ “नको” म्हणावं, राग येत नाही कोणाला. सायकल मात्र तिकडेच ठेवून या. इथल्या सायकल ट्रॅकवर स्कूटर लावलेल्या असतात. शांततेचं म्हणाल तर गणपतीच्या आधी ढोल-ताशाच्या तालमी सुरू होतात, तेव्हा सुट्टी काढून तुझ्या आईकडे नाशिकला जा.

बाळा, घर निगडी-प्राधिकरणात बघ. हे पुणं नव्हेच असं कोथरूडकर म्हणतील, म्हणू देत. तळवड्यावरून चाकण जवळ पडतं, झाडं आहेत, सकाळी दुर्गा टेकडीवर चालायला जाता येतं. मेट्रो अजून पिंपरीपर्यंतच आहे, निगडीकडचं काम चालू आहे.

आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मे महिन्यात रिकामा होतोय. मालक सदाशिव पेठेतले आहेत, म्हणजे करारातला शब्दन्‌शब्द वाचून घे. फॉर्म सीचं मी त्यांना विचारलंय, त्यांची तयारी आहे. भाड्याचा आकडा लिस्टवर टाकत नाही, मला वेगळी मेल कर.