बंद्याला घरच्या मातीला जाऊ द्यावे का?

पूर्णाकाठ (चर्चाप्रस्ताव):
महाराष्ट्रात शिक्षा भोगत असलेल्या बंद्याच्या घरी मृत्यू झाला, तर त्याला तातडीची अभिवचन रजा, म्हणजे आपण ज्याला पॅरोल म्हणतो ती, मागता येते. १९५९ च्या नियमांत २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी, मुले, भावंडे अशा जवळच्या नात्यांतील मृत्यूसाठी चौदा दिवसांपर्यंतची ही रजा मंजूर करण्याचा अधिकार थेट कारागृह अधीक्षकांना दिला. ते योग्यच झाले, कारण कार्यालयांतून फाईल फिरेपर्यंत प्रेत थांबत नाही.

मात्र ही सोय शिक्षा झालेल्यांसाठी आहे. ज्याचा खटला अजून चालू आहे आणि ज्याला कायदा अद्याप दोषी मानत नाही, त्या न्यायाधीन बंद्याला तात्पुरत्या जामिनासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, त्यावर सरकार पक्षाचे म्हणणे मागवले जाते, आणि मधे शनिवार-रविवार आला तर इकडे सावडणेसुद्धा उरकलेले असते. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते आणि त्यांतले सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न किती जणांचा आहे ते कळते.

दोन उदाहरणे देतो. दिल्ली दंगलीच्या प्रकरणात तेव्हा तुरुंगात असलेल्या विद्यार्थी कार्यकर्त्या नताशा नरवाल यांच्या वडिलांचे ९ मे २०२१ रोजी करोनाने निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना तीन आठवड्यांचा अंतरिम जामीन दिला. एल्गार परिषद प्रकरणात तेव्हा तुरुंगात असलेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या आई ऑगस्ट २०२० मध्ये गेल्या. विशेष न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या परवानगीने त्यांना घरी जाता आले ते थेट ऑगस्ट २०२१ मध्ये, आईच्या वर्षश्राद्धाला. दोघांवरचे आरोप गंभीर होते आणि दोघेही न्यायाधीन होते, तरी एकाला एका दिवसात परवानगी मिळते आणि दुसऱ्याला वर्ष लागते, ही तफावत मला मान्य होत नाही. न्यायाधीन बंद्याच्या अशा अर्जावर त्याच दिवशी, सुटी असली तरी, निर्णय झालाच पाहिजे, असे माझे मत आहे.

सज्जनगड:
मी पूर्णपणे असहमत आहे. २०१२ साली वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाने खून केला. जन्मठेप लागलेला तो माणूस २०१६ मध्ये आईच्या आजारपणाचे कारण देऊन नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर बाहेर पडला आणि परतलाच नाही. मुंबई पोलिसांनी त्याला काश्मीरमधून पकडून आणले ते ऑक्टोबर २०१७ मध्ये. त्या दीड वर्षात मुलीच्या आई-वडिलांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार दयेची भाषा बोलणारे करत नाहीत. आजारपणाचा दाखला मिळतो तसा मृत्यूचाही मिळतो. घरच्या माणसांपासून तुटणे हा शिक्षेचाच भाग आहे आणि गुन्हा करताना तो पत्करलेला असतो.

पूर्णाकाठ:
ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि त्यानंतर नियम कडक झाले ते बरेच झाले. परंतु आजारपणासाठी मिळालेली लांबलचक मोकळी रजा आणि पोलीस बंदोबस्तात घडवलेले काही तासांचे अंत्यदर्शन या एकाच मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. मृत्यूची खातरजमाही स्थानिक पोलीस ठाण्याला तासाभरात करता येते. शिवाय न्यायाधीन बंद्याने गुन्हा केला की नाही हेच ठरलेले नसताना त्याने तो ‘करताना पत्करले’ असे तुम्ही कसे म्हणता?

आबोली:
मी आजवर या विषयावर कुठे लिहिलेले नाही. माझ्या थोरल्या भावाचा शेताच्या बांधावरून खून झाला. आरोपी आमच्याच भावकीतला. खटला चालू असताना त्याचे वडील वारले आणि त्याला दहाव्यासाठी चार दिवस सोडले. आम्हाला कोणीही कळवले नव्हते. माझी आई सकाळी दळण घेऊन गिरणीवर गेली, तर तो गिरणीच्या कट्ट्यावर, डोके तुळतुळीत केलेला, लोकांत बसलेला. आईने डबा तिथेच खाली ठेवला आणि ती तशीच घरी आली. चार दिवस आमचे दार उघडले नाही.

आमच्या गावात स्मशान एक, नदीवर जायची वाट एक आणि ती आमच्या अंगणावरून जाते. त्याला बापाचे दुःख नव्हते असे मी म्हणणार नाही. पण रजा देताना कायद्याने त्याच्या घराकडे पाहिले आणि आमच्या घराकडे पाठ केली.

जुना हवालदार:
पोलीस मुख्यालयात असताना कैदी पार्टीची, म्हणजे कैद्यांना बंदोबस्तात ने-आण करण्याची, ड्युटी मी बरीच वर्षे केली, म्हणून अनुभवाचे लिहितो. एका न्यायाधीन तरुणाला आईच्या अंत्यविधीसाठी न्यायालयाने बंदोबस्तात पाच तास दिले होते. आम्ही चौघे होतो. पोहोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती आणि लोक त्याचीच वाट बघत होते. एका हातात बेडी, बेडीची दोरी माझ्या हातात. पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या घालायच्या असतात. एका हाताने त्याला मडके धरवेना, दोनदा पाणी अंगावर सांडले. शेवटी पार्टीच्या अंमलदारांनी बेडी काढायला लावली आणि मी त्याच्या मागोमाग तिन्ही फेऱ्या चाललो. पळायचे असते तर पळाला असता. मडके फोडल्यावर त्याने स्वतःहून हात पुढे केला.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्या दिवशी मुख्यालयात माणसे होती म्हणून आम्हाला पाठवता आले. गणपती असोत, निवडणूक असो, तर चार माणसे काढणे कठीण होते. रजेवरच्या बंदोबस्ताचा खर्च बंद्याने आधी भरायचा, असा नियम आहे. ज्याच्या घरात तिरडीचे सामान उसने आणतात तो हा खर्च कुठून भरणार? म्हणजे आदेश निघूनही गरीब माणूस आतच राहतो.

सज्जनगड:
हवालदारसाहेब, तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण एका प्रामाणिक माणसावरून नियम ठरत नाही. करोनाच्या काळात हजारो लेकरांनी आई-वडिलांचे अंत्यविधी मोबाईलवर पाहिले आणि त्यांनी तर काहीच गुन्हा केला नव्हता. कारागृहांत व्हिडिओ कॉलची सोय झालेली आहे, तीच वापरावी. त्यात पोलीस अडकणार नाहीत आणि आबोलीताईंच्या आईवर तो प्रसंगही येणार नाही.

मोडी:
त्या काळात आमच्या घरीही मोबाईलवरच दर्शन झाले. ती नाइलाजाची गोष्ट होती, पायंडा पाडण्याजोगी नव्हती. वकिलीच्या अनुभवातून दोनच मुद्दे मांडते. पॅरोलवर घालवलेले दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. ते पुढे भोगावेच लागतात, त्यामुळे रजेने शिक्षा कमी होते हा समज चुकीचा आहे. दुसरे असे, की जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बंद्याला शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मुलाला निरोप देता यावा म्हणून पॅरोल दिला आणि दुःखाच्या प्रसंगी सोडता येते तर आनंदाच्या प्रसंगी का नाही, असा विचार त्यामागे मांडला. म्हणजे दुःखाच्या प्रसंगी सोडणे हे न्यायालयाने गृहीतच धरले आहे. आता वाद उरतो तो सोडायचे कसे, याचा.

पूर्णाकाठ:
आबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या प्रस्तावातली उणीव मला दिसली. त्याच दिवशी निर्णय हवा, हे मत कायम आहे. पण आदेशाची प्रत कारागृहाकडे जाते त्याच वेळी खून झालेल्याच्या किंवा पीडिताच्या घरी कळवण्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर टाकली पाहिजे. गाव एकच असेल तर बंदोबस्ताशिवाय आणि दिवसभरापेक्षा जास्त काळ सोडू नये. हवालदारकाकांनी सांगितलेला खर्च मात्र सरकारनेच उचलावा.

सज्जनगड, व्हिडिओ कॉल मला पुरेसा वाटत नाही, आणि यावर आपले एकमत होईल असेही वाटत नाही.

आबोली:
हवालदारकाका, ते मडक्याचे वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. त्याची बेडी काढली ते बरे केलेत. आमच्याकडे कळवायला फार काही लागत नव्हते. पोलीस पाटलांचे घर आमच्यापासून चौथे आहे आणि त्यांच्याकडे माझा नंबर आहे. आदल्या रात्री फोन आला असता, तर आईला घेऊन मी चार दिवस मावशीकडे गेले असते.