जी४१ मदरबोर्डवर ४ जीबीचे डीडीआर३ मॉड्यूल का चालत नाही?

प्रश्न : महाल_वाचनालय

नमस्कार. नागपुरात महाल भागातील एका लहान सार्वजनिक वाचनालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही संगणक ठेवलेले आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. सर्व संगणक इंटेलच्या जी४१ चिपसेटचे (मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिपांच्या संचाचे), एलजीए ७७५ सॉकेटचे आहेत. प्रोसेसर कोअर २ ड्युओ, रॅमसाठी डीडीआर३चे दोन स्लॉट, आणि सध्या प्रत्येकात २ जीबीचे एकच मॉड्यूल. ब्राउझरमध्ये अर्जाचे संकेतस्थळ आणि सोबत एखादी मोठी पीडीएफ उघडली की यंत्र अडून बसते, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी तर मुलांचा अक्षरशः खोळंबा होतो.

मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये कमाल रॅम ८ जीबी असे स्पष्ट छापलेले आहे. त्या आधारावर एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ४ जीबी, १६०० मेगाहर्ट्झची डीडीआर३ मॉड्यूले मागवली. ती बसवल्यावर पडद्यावर काहीही येत नाही, फक्त लांब बीप ऐकू येत राहतो. जुने मॉड्यूल परत लावले की संगणक तत्काळ सुरू होतो. विशेष म्हणजे हेच नवे मॉड्यूल आमच्या कार्यालयातील एच६१ (इंटेलचाच नंतरचा चिपसेट) बोर्डावर व्यवस्थित चालते आणि पूर्ण ४ जीबी दाखवते. बायोसची (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअरची) शेवटची आवृत्ती टाकून पाहिली, फरक पडला नाही. विक्रेता म्हणतो की बोर्डच खराब आहे. बर्डीवरील एका दुकानदाराचे म्हणणे असे की हे मॉड्यूल ‘हाय डेन्सिटी’ आहे, ‘लो डेन्सिटी’चे घ्या. हा नेमका काय प्रकार आहे, आणि खरेदी करताना तो ओळखायचा कसा? वाचनालयाचा पैसा वर्गणीतून येतो, त्यामुळे पुन्हा अंदाजाने खरेदी करणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : धरमपेठ_दुरुस्ती

आपल्या दुकानदाराने योग्य निदान केले आहे. बोर्ड खराब नाही आणि मॉड्यूलही खराब नाही. मॉड्यूलची एकूण क्षमता जुळते, पण त्यावरील प्रत्येक चिपची क्षमता या चिपसेटच्या आवाक्याबाहेरची आहे. ‘हाय डेन्सिटी’ म्हणतात ते यालाच.

४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट (१ बाइट = ८ बिट). ही बेरीज दोन प्रकारे साधता येते : २ गिगाबिटच्या १६ चिपा दोन्ही बाजूंना आठ-आठ लावून, किंवा ४ गिगाबिटच्या फक्त ८ चिपा एकाच बाजूला लावून. जी४१ हा २००८ सालचा चिपसेट असून तो २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा हाताळतो. चिपमधील माहिती ओळी आणि स्तंभांच्या जाळीत साठवलेली असते. २ गिगाबिटच्या, आठ बिट रुंदीच्या (एका वेळी आठ बिट देणाऱ्या) डीडीआर३ चिपमध्ये ओळीचा पत्ता १५ बिटांचा आणि स्तंभाचा १० बिटांचा असतो. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये ओळीचा पत्ता १६ बिटांचा होतो, म्हणजे ए० ते ए१५ अशा सोळा तारा लागतात, आणि जी४१ कडून रॅमकडे जाणाऱ्या पत्त्याच्या तारा ए१४ पाशीच संपतात. ही मर्यादा चिपसेटच्या सिलिकॉनमध्ये आहे, म्हणून बायोस कितीही नवे टाकले तरी ती दूर होणार नाही. प्रोसेसर बदलूनही उपयोग नाही, कारण या पिढीत रॅमचे नियंत्रण प्रोसेसरमध्ये नसून चिपसेटच्या नॉर्थब्रिज या मुख्य चिपमध्ये आहे. इंटेलने ते प्रोसेसरमध्ये आणले ते नेहालेम या पुढच्या पिढीपासून.

मॅन्युअलमधील ८ जीबी हा आकडा खोटा नाही. तो दोन्ही स्लॉटमध्ये १६ चिपांची ४ जीबी मॉड्यूले गृहीत धरून दिलेला आहे. ते मॅन्युअल लिहिले गेले तेव्हा ४ गिगाबिटच्या चिपा सर्रास मिळत नव्हत्या, त्यामुळे अशी टीप देण्याची गरज कोणाला भासली नसावी. आजच्या विक्रेत्याने मात्र ती द्यायलाच हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखण्यासाठी लेबल पाहावे. ‘२आर×८’ म्हणजे आठ बिट रुंदीच्या चिपांच्या दोन रँक (एकत्र काम करून मॉड्यूलची ६४ बिट रुंदी भरणारे गट), अर्थात १६ चिपा. ‘१आर×८’ म्हणजे एकच रँक, ८ चिपा. आपल्याला ४ जीबीमध्ये ‘२आर×८’ हवे. लेबल निघालेले असेल तर थेट चिपवरचा क्रमांक वाचावा. सॅमसंगच्या चिपवर ‘के४बी२जी०८’ अशी सुरुवात असेल तर ती २ गिगाबिटची, आठ बिट रुंदीची. ‘के४बी४जी०८’ असेल तर ४ गिगाबिटची. हायनिक्सच्या चिपवर ‘एच५टीक्यू२जी८’ आणि ‘एच५टीक्यू४जी८’ असा तोच भेद दिसतो. अक्षरे बारीक असतात, उजेड तिरपा पाडून भिंगातून पाहिल्यास स्पष्ट वाचता येतात. १६०० मेगाहर्ट्झची चिंता नको. जी४१ वर अधिकृत वेग १०६६ पर्यंतच आहे आणि वेगवान मॉड्यूल सहसा त्या वेगावर उतरून चालते.

उत्तर : सदर_हार्डवेअर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, परंतु केवळ चिपा मोजून खरेदी करू नये, ही भर घालणे मला अत्यंत आवश्यक वाटते. बाजारात ४ जीबीची अशीही स्वस्त मॉड्यूले आहेत ज्यांवर १६ चिपाच असतात, पण त्या आठऐवजी चार बिट रुंदीच्या असतात. ६४ बिट रुंदी भरून काढण्यासाठी सोळाही चिपा एकाच रँकमध्ये लागतात आणि स्तंभाचा पत्ता १० ऐवजी ११ बिटांचा होतो. एएमडीच्या एएम३ पिढीतील प्रोसेसरांना तो पेलतो, म्हणून ही मॉड्यूले ‘फक्त एएमडीसाठी’ अशी विकली जातात. इंटेलच्या साध्या डेस्कटॉप बोर्डांवर ती चालत नाहीत, अगदी एच६१ वरही नाही. बाहेरून ती आपल्याला हव्या असलेल्या मॉड्यूलसारखीच दिसतात आणि वर्णनातला ‘एएमडी’ हा शब्द पुष्कळदा तळाशी कुठेतरी असतो. सॅमसंगच्या क्रमांकात ‘०८’ च्या जागी ‘०४’ दिसले तर ते मॉड्यूल घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. लेबलवर ‘पीसी३-१०६००’ किंवा ‘पीसी३-१२८००’ या आकड्यानंतर ‘यू’ (अनबफर्ड, म्हणजे साध्या संगणकाचे) हे अक्षर असले पाहिजे. ‘आर’ असेल तर ते सर्व्हरचे रजिस्टर्ड मॉड्यूल आहे. जुन्या सर्व्हरमधून काढलेला असा माल फार स्वस्त मिळतो, पण आपल्या बोर्डाला त्याचा काहीही उपयोग नाही.

उत्तर : अभ्यासिका_वर्धारोड

रॅम वाढवण्याआधी विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते पाहून घ्यावे. ३२ बिट असेल तर ८ जीबी लावूनही जेमतेम सव्वातीन ते साडेतीन जीबी वापरात येईल. फक्त ब्राउझर आणि पीडीएफचे काम असेल तर माझ्या मते प्रत्येक यंत्रात एकूण ४ जीबी, ६४ बिट लिनक्स आणि एक छोटी एसएसडी एवढे पुरेसे आहे. २ जीबीचे दुसरे मॉड्यूल घेतले तर हा डेन्सिटीचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही, कारण जुने २ जीबी मॉड्यूल बहुतांशी २ गिगाबिटच्या ८ किंवा १ गिगाबिटच्या १६ चिपांचे असते.

महाल_वाचनालय

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नव्या मॉड्यूलवर ‘१आर×८’ आहे आणि चिपांवर ‘के४बी४जी०८’ वाचता येते. कार्यालयातील एच६१ संगणकही उघडून पाहिला. त्यात आधीपासून असलेल्या ४ जीबीच्या दोन मॉड्यूलांवर ‘२आर×८’ असून दोन्ही बाजूंना चिपा आहेत, क्रमांक ‘के४बी२जी०८’ आणि लेबलवर शेवटी ‘यू’ आहे. मग ही दोन्ही काढून जी४१ च्या एका संगणकात लावली आणि नवी एच६१ मध्ये बसवली तर चालेल का?

धरमपेठ_दुरुस्ती

अवश्य करा. एच६१ ला ४ गिगाबिटच्या चिपा चालतात, हे आपण स्वतः पाहिलेच आहे. अदलाबदल करण्यापूर्वी वीजतार भिंतीतून काढावी, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला प्रवाह जाऊ द्यावा, आणि जी४१ च्या स्लॉटमधील धूळ मऊ ब्रशने झाडावी. आधी एकच मॉड्यूल लावून संगणक सुरू करावा, मग दुसरे लावावे. त्यानंतर दोन्ही यंत्रांवर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवावा आणि एकही चूक दिसली नाही तरच ती मुलांच्या वापरासाठी द्यावीत. उरलेल्या संगणकांसाठी मागणी नोंदवताना ‘४ जीबी, २आर×८, १६ चिपा, अनबफर्ड, इंटेलवर चालणारे’ असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, म्हणजे मॉड्यूल परत करण्याची वेळ आली तर वाद उरणार नाही.