सल्ला हवा: मागच्या स्पीकरना कुठली वायर घालू? (गिलावा पुढच्या आठवड्यात)

वडगावचा धोटा
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला जुन्या घरावर वरचा मजला चढवलाय. हॉल अठरा बाय बारा. खाली अजून चार माग चालतात, त्यामुळं दिवसा सिनेमा बघायचा प्रश्नच नाही, रात्री माग थांबले की मग. ५.१ चा रिसीव्हर आहे, म्हणजे पाच स्पीकर आणि बेसचा एक सबवूफर जोडायची पेटी. पाचही स्पीकर ६ ओहमचे, सबवूफर स्वतःच्या ॲम्प्लिफायरचा. भिंतीत खाचा पाडून झाल्यात. जी वायर घालायची ती आत्ताच.

आमचा वायरमन कानडीत म्हणतोय, "एरडूवरे साकु." अडीच स्क्वेअर (तारेच्या जाडीचं माप, स्क्वेअर एमएम) पुरे. बाजारात दुकानदारानं मीटरला साडेतीनशेची, विणलेल्या कव्हरची जाडजूड वायर पुढं केली, वर म्हणाला साधी घातलीस तर बेस मरतो. आणि मेहुणा म्हणतोय, घरवायरिंगची दीड स्क्वेअर उरलीय ती ढकल. तिघांपैकी कुणाचं ऐकू?

कॅम्पातला
साडेतीनशेचीच घे. एवढा हत्ती गेला आणि शेपटाला अडतोस होय? मी तीच घातलीय, आवाज एकदम मोकळा झाला.

निपाणीकर
धोटा, आधी टेप घेऊन माप बघू. रिसीव्हर ठेवणार तिथनं प्रत्येक स्पीकरपर्यंत, भिंतीच्या कडेनं, दाराच्या चौकटीवरनं, आणि दोन्ही टोकांना हातभर जादा. हवेतलं अंतर नको. मग बोलूया.

वडगावचा धोटा
मापलं. पुढचे तिन्ही ४ मीटरच्या आत. मागचा डावा ९, मागचा उजवा १४, मध्ये दार आणि जिना आडवा येतोय म्हणून. डावी-उजवी सारख्या लांबीची लागते म्हणे?

निपाणीकर
नाही लागत. पाच मीटर जादा जायला वीज जो वेळ घेते तो कुठल्याच कानाला कळत नाही. उगाच डावीकडं वेटोळं करून ठेवू नको.

आता गुणाकार. वायरीचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांत ठेवायचा, हा जुना ठोकताळा. तुझ्या ६ ओहमला ०.३ झाला. करंट जातो आणि परत येतो, म्हणून १४ मीटर म्हणजे २८ मीटर तांबं. लवचीक दीड स्क्वेअरला किलोमीटरमागं साधारण १३.३ ओहम धरतात, अडीचला ८. म्हणजे दीडची ०.३७, अडीचची ०.२२. वायरमन पास, मेहुणा नापास. पुढच्या चार मीटरना मात्र दीडसुद्धा ०.११ च देते, तिथं खुशाल घाल. ९ मीटरलाही दीड चालली असती, खरं मागच्या दोन्हींना एकाच बंडलातली अडीच घे, कटकट नको.

आणि मनातलं सांगतो, ०.३७ आणि ०.२२ मधला फरक आवाजात पाव डेसिबलसुद्धा नाही. माईक लावून सेटिंग करताना रिसीव्हर तेवढं भरून काढतो. तरी अडीच म्हणतो, कारण वायर गिलाव्याखाली जाणार. उद्या ४ ओहमचे स्पीकर आणलेस तर मर्यादा ०.२ वर येते. अडीच तेव्हा काठाच्या जराशी बाहेर असेल, दीड पार बुडालेली.

साडेतीनशेतले तीनशे कव्हरचे.

कॅम्पातला
कान आणि कॅल्क्युलेटर वेगळे असतात साहेब.

हिंडलग्याचा साऊंडवाला
मी गणपतीत आणि लग्नात साऊंड लावतो, तीस-तीस मीटर वायर ओढतो. आमच्यात चाळीस-शहात्तर आणि सत्तर-शहात्तर म्हणतात. पहिला आकडा आतल्या तारांचा. सत्तरवाली साधारण दोन स्क्वेअरची. मंडळाच्या पोरांना अजून कुणी विणलेलं कव्हर विकलं नाही, बेस मात्र खिडक्या हलवतो.

धोटा, घरवायरिंगची लाल-काळी सुटी वायर स्पीकरला घालू नको मर्दा. चालते, खरं धोका वेगळा आहे. शहापुरात एका घरात तशीच घातली होती. दोन वर्षांनी दुसरा वायरमन आला, भिंतीतल्या डब्यात लाल-काळी जोडी बघितली, लाईटची समजून बोर्डाला जोडली. २३० व्होल्ट सरळ ॲम्प्लिफायरमध्ये. मी गेलो तेव्हा खोलीभर जळका वास, आणि घरातल्या आजी म्हणत होत्या, रेडिओत काहीतरी मेलंय. पारदर्शक कव्हरची चपटी स्पीकर वायर घे, कुणालाही बघताक्षणी कळते. पाईप लाईटच्या पाईपापासनं फूटभर लांब. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

घेताना टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवड. वरनं तांबडी आणि आतनं पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. उलट, वरनं पांढरी आणि आतनं तांबडी म्हणजे कल्हईचं तांबं, ते चांगलं.

खानापूरकर
आमच्याकडं पावसात कौलाखालनं नेलेल्या वायरीची टोकं हिरवी पडतात. दरवर्षी टोक कापून नवं सोलतो. आणि उंदीर. पाईपाशिवाय वायर नेऊ नका एवढंच सांगणं.

वडगावचा धोटा
अपडेट. खडेबाजारातनं पारदर्शक अडीचची दहा मीटर आणली, मीटरला पंचेचाळीस. कव्हरवर ऑक्सिजन फ्री कॉपर, म्हणजे शुद्ध तांबं, असं छापलेलं. ब्लेड सापडेना, मग डोक्यात आलं, खाली सुताचा काटा आहे की.

अडीचच्या दोन तारा म्हणजे पाच स्क्वेअर एमएम. दहा मीटरला पन्नास घन सेंटीमीटर. तांब्याची घनता ८.९६. नुसतं तांबंच जवळजवळ साडेचारशे ग्रॅम भरायला पाहिजे, प्लॅस्टिक वेगळं. काट्यावर टाकली तर कव्हरसकट ३९०. मग वडिलांच्या दाढीचं ब्लेड शोधून तार खरवडली. आत पांढरीफटक.

निपाणीकर
वा, काटा भारी! मुलाम्याच्या वायरीला रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट. तुझी ०.२२ गेली ०.३३ वर, म्हणजे नापास. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, जोड ढिला होतो. परत करून ये.

वडगावचा धोटा
कापलेला माल परत घेत नाही म्हणाले. ती आता गच्चीवर कपडे वाळवायला.

दुसऱ्या दुकानात काटाच मागितला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग दिला. दहा मीटरला ७०० भरली. तीच घेतली, मीटरला नव्वद. आज पाईपातनं ओढली, सोबत सबवूफरची शील्डवाली आरसीए वायरही. मागं दोन जादा पाईप रिकामे ठेवलेत, आत नायलॉनची दोरी सोडून.

गिलाव्याआधी जोडणी तपासायची आहे. कशी?

हिंडलग्याचा साऊंडवाला
भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढ. मागच्या टोकाला स्पीकर लाव, रिसीव्हरच्या टोकाला सेल टेकव, क्षणभरच. खुणेची रेघ असलेली तार दोन्हीकडं प्लसला, स्पीकरच्या आणि सेलच्या. स्पीकरचा कागद, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला तर बरोबर. आत गेला तर कुठंतरी उलटी झालीय. एक उलटी राहिली की बेस पातळ होतो आणि माणूस वायरीला शिव्या देत बसतो.

वडगावचा धोटा
डावा बाहेर आला. उजवा आत गेला! जिन्याजवळच्या डब्यात वायरमननं जोड मारला होता, तिथं उलटली होती. जोड काढायला लावला, अखंड तुकडा ओढला. आता बाहेर येतोय. घड्याळ मात्र बंद आहे, आईनं दोनदा विचारलं.

कॅम्पातला
धोटा, एक विचारू? माझी साडेतीनशेवाली तीन मीटर उरलीय.

वडगावचा धोटा
घेऊन या दादा. सोमवारी माग बंद असतात, काटा मोकळाच आहे. ब्लेडही सापडलंय.