मदत हवी आहे: दूध संस्थेच्या अ‍ॅपची सुरुवातीची स्क्रीन लोकांना अडवतेय

राम राम मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या दूध संस्थेचं अ‍ॅप मी सांभाळतो. मूळ अ‍ॅप दुसऱ्याने फ्लटरमध्ये (गूगलच्या प्रोग्रामिंग साधनात) केलेलं, माझ्या गळ्यात गेल्या वर्षी पडलं. सभासदाला त्यात बघायचं असतं ते इतकंच: आत्ता घातलेलं दूध किती भरलं, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती, दर काय लागला. आणि दहा दिवसांनी बिल.

तक्रार एकच येते, "अ‍ॅप उघडत नाही." माझ्या फोनवर तर उघडतं. म्हणून गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर जाऊन बसलो आणि लोक काय करतात ते नुसतं बघितलं. (असं आधीच करायला हवं होतं, मान्य.)

अ‍ॅप उघडल्यावर होतं ते असं. आधी अँड्रॉइड स्वतःच आमचा लोगो दाखवतं, तोही गोलात कापलेला, संस्थेच्या नावाची कडेची अक्षरं गायब. मग क्षणभर पांढरं. मग आमची स्वतःची स्क्रीन: तोच लोगो पुन्हा, खाली संस्थापकांचा फोटो आणि ब्रीदवाक्य. ही कोडमध्ये मोजून तीन सेकंद थांबवून ठेवलेली आहे. त्यानंतर नवीन आवृत्ती आली का हे सर्व्हरला विचारलं जातं आणि उत्तर येईपर्यंत चक्र फिरत राहतं. केंद्राच्या पत्र्याखाली रेंज किती असते ते वेगळं सांगायला नको. मग पिन. मग जाहिरातीच्या पट्ट्या असलेलं पान, आणि त्यात शोधल्यावर 'पावती'. दोन जीबी रॅमच्या एका फोनवर घड्याळ लावलं, पावती दिसायला अकरा सेकंद लागले.

एक मावशी लोगोवर बोटानं टकटक करत होत्या. मला म्हणाल्या, "हे दाबायचं न्हवं व्हय?" त्यांच्या मागचा पोरगा आणखी मजेशीर. चक्र फिरायला लागलं की तो अ‍ॅप सरकवून काढून टाकायचा आणि पुन्हा उघडायचा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून लोगो, फोटो, चक्र. तीन वेळा केलं त्यानं. शेवटी कॅन उचलला आणि कागदी पावती घेऊन गेला.

माझे प्रश्न:

ही आमची दुसरी स्क्रीन सरळ काढून टाकली तर चालेल का? चेअरमन म्हणतात संस्थापकांचा फोटो हलता कामा नये, आणि सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तर माझं काही खरं नाही.

शेवटची पावती फोनमध्ये साठवून ती पिन टाकायच्या आधीच दाखवावी असं वाटतंय. पण एका घरात एकच फोन असतो, दुधाचे पैसे किती आले हे सगळ्यांना दिसावं असं प्रत्येकीला वाटत नाही. यावर कुणी काही केलंय का?

आणि वेळ नीट मोजायचा कसा?

प्रतिसाद १

तीन सेकंदांची ती ओळ आजच उडवा. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक अ‍ॅपला सिस्टीमचीच सुरुवातीची स्क्रीन मिळते, तुम्ही मागा अगर न मागा. जुन्या अ‍ॅपांनी आपापली स्क्रीन तशीच ठेवली म्हणून सगळीकडे हा दुहेरी लोगो दिसतो. पार्श्वभूमी नसलेल्या आयकॉनचं माप २८८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक) असतं, पण दिसतं ते मधल्या १९२ डीपी व्यासाच्या वर्तुळातलंच. तुमची अक्षरं तिथेच कापली जातायत. नाव टाका काढून, नुसतं चिन्ह ठेवा.

आवृत्तीची तपासणी पहिलं पान दिसल्यावर मागच्या मागे करा. पहिल्या पानाच्या वाटेत नेटवर्कची एकही गोष्ट नको. फॉन्टही तपासा: 'गूगल फॉन्ट्स' पॅकेज वापरत असाल तर ते देवनागरी फॉन्ट इंटरनेटवरून आणतं. अ‍ॅपसोबतच बांधून द्या.

मोजमाप: एडीबी (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) मधल्या 'एएम स्टार्ट' आज्ञेला 'डब्ल्यू' लावलं की आकडा मिळतो, पण तो पहिली चौकट (फ्रेम) रंगेपर्यंतचा, पावती दिसेपर्यंतचा नाही. त्यापेक्षा दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा आणि बोट लागल्यापासून मोजा. फोन मावशींकडचाच घ्या, स्वतःचा नको. प्ले कन्सोलमध्येही (प्ले स्टोअरवर प्रकाशन करणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) बघा, पाच सेकंद किंवा जास्त लागणारी थंड सुरुवात (पूर्ण बंद असताना शून्यापासून उघडणं) गूगल 'फार हळू' धरतं. तो पोरगा अ‍ॅप काढून टाकतो तेव्हा बहुधा थंड सुरुवातच होते, हे लक्षात घ्या.

प्रतिसाद २

फोटोबद्दल. अ‍ॅपल तर डिझाइनच्या सूचनांतच सांगतं की सुरुवातीची स्क्रीन जाहिरातीची जागा नाही, ती पहिल्या पानासारखीच दिसावी, आणि तिच्यावर मजकूर नको, कारण तो भाषेप्रमाणे बदलत नाही. पण चेअरमनना अ‍ॅपल सांगून उपयोग नाही. त्यांना सांगा की आत्ता साहेबांचा फोटो दिसला की लोक वैतागतात. तो 'आपली संस्था' पानावर चांगला मोठा लावा, स्थापनेच्या माहितीसकट. मी एका पतसंस्थेसाठी हेच केलंय, रुसवा दोन दिवस टिकला.

प्रतिसाद ३

तांत्रिक कळत नाही, पण माझी आई डेअरीला दूध घालते म्हणून लिहिते. ती अक्षरं वाचत बसत नाही, आकडा कुठे असतो ते तिला पाठ आहे. वर लिटर, खाली फॅट. पैसे लपवलेत तरी तिची हरकत नाही, तिला केंद्रावर फॅटच बघायची असते. कमी लागली तर तिथल्या तिथे भांडता येतं, घरी जाऊन कळली तर काय उपयोग? आणि ती पावती सकाळची की काल संध्याकाळची, हे मोठ्या अक्षरात लिहा. जुना आकडा नवा समजून ती एकदा सचिवांना उगाच बोलून आली होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, खास करून तिसऱ्या प्रतिसादाचे. साठवलेली पावती शिळी असू शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तीन सेकंद आणि दुसरा लोगो गेला. आवृत्तीची तपासणी मागे ढकलली. आता उघडल्या उघडल्या साठवलेली पावती येते, वर ठळक 'काल संध्याकाळ' किंवा 'आज सकाळ', लिटर, फॅट, एसएनएफ. रुपयांच्या जागी कुलूप, त्यावर दाबलं की पिन. नवी पावती आली की आकडे बदलतात, न आली तर 'रेंज नाही, जुनी पावती' असं खाली येतं. त्याच फोनवर व्हिडिओ काढून मोजलं, तीन सेकंदांच्या आत. अजून कमी व्हायला हवं, पिनच्या लायब्ररीवर संशय आहे, तिचा कोड उद्या इथे टाकतो.

फोटोचं चेअरमनना अजून सांगितलेलं नाही. ते आयफोन वापरतात आणि त्यांच्या फोनवर अजून जुनीच आवृत्ती आहे.